पायाळूचा पाय आणि पाटलाची मान

अमरावतीची भरती आटोपून आमची रिक्रूटिंग टीम अकोल्याला आली तेव्हा कापसाचा हंगाम भरात होता. मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नाईक होतो, नर्सिंग असिस्टंट. टीममध्ये एक मेजर, एक डॉक्टर कॅप्टन, दहा-बारा जवान, एक थ्री-टन ट्रक आणि एक फील्ड टेलिफोन. जुन्या शहराच्या बाजूला, कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या मैदानावर तंबू लागले. पोस्टिंग घराजवळ मिळालं की फौजी माणूस मिशीला पीळ देतो. माझी मिशी पिळण्याजोगी नव्हती, तरी मी दिला.

भरतीतलं माझं काम पाठीचं. उमेदवार शर्ट काढून समोर यायचा. मी म्हणायचो, "पाठ फिरव. खाली वाक. बोटं पायाच्या अंगठ्याला लाव." मग मानेपासून माकडहाडापर्यंत बोट फिरवायचं. कणा सरळ आहे का, एक खांदा वर एक खाली आहे का, कुठं दाबल्यावर गडी 'आई गं' म्हणतो का, एवढं पाहायचं आणि कॅप्टन साहेबांना सांगायचं. सकाळी सातला सुरुवात, दुपारी एकला जेवण, पुन्हा चारपर्यंत पाठीच पाठी. रात्री डोळे मिटले तरी पाठी दिसायच्या.

पण पाठीशी माझं नातं फौजेच्या आधीचं आहे. ते आधी सांगतो, नाहीतर पुढची गोष्ट कळायची नाही.

मी पायाळू आहे. म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलो. आमच्याकडे पायाळू माणसाचे दोन गुण सांगतात. एक, त्याच्यावर वीज पडते. म्हणून आभाळ गडगडलं की माझ्या शेजारी कुणी उभं राहत नसे. आणि दुसरा, कुणाची कंबर धरली, पाठीत उसण भरली, मान आखडली, की पायाळूनं तिथं डावा पाय लावायचा, हलकी लाथ मारायची, की दुखणं पळालं.

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात दुसरा पायाळू नव्हता. आणि आमचं घर गावकुसाबाहेरचं. आता गंमत पाहा. आमचा हात पाण्याला चालत नव्हता. आमची सावली ओट्यावर चालत नव्हती. पण पाय चालत होता. किसनराव पाटील हे गावचं मोठं प्रस्थ, त्यांची कंबर वर्षातून दोनदा धरायची. दिवेलागणीला निरोप यायचा, "सख्याले धाडा." मी जायचो. वाड्याच्या पुढच्या दारानं नाही, मागच्या गोठ्यात. पाटील बैलांकडे तोंड करून, धोतर सावरून ओणवे उभे राहायचे. मी सात-आठ वर्षांचा. पाय लावायचो. कधीकधी जरा जास्तच लावायचो. पाटील कण्हायचे, "हळू बे." मग गुळाचा खडा वरून हातात टाकायचे आणि आंघोळीला जायचे. सगळ्या तालुक्यात पाटलाला लाथ मारून वर गूळ खाणारा मी एकटा.

या थाटात मी ट्रेनिंग सेंटरला पोचलो. तिथं आमचे इन्स्ट्रक्टर होते हवालदार चेल्लय्या. दूर दक्षिणेचे, काळेसावळे, उंचीनं बेताचे. हिंदुस्तानी अशी बोलायचे की व्याकरणाला स्ट्रेचरवर घालून न्यावं. पण शिकवत असे की चाळीस गडी श्वास रोखून ऐकत.

कण्याचा धडा त्यांनी शिंप्याच्या रिळांवर शिकवला. रेजिमेंटच्या शिंप्याकडून दोरा संपलेली लाकडी रिळं मागून आणली होती. ती एका जाड दोरीत ओवली होती. दोन रिळांच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबची चकती. बाहेरून दोन्ही बाजूंना ताणलेल्या सुतळ्या.

"रीळ, हड्डी," ते म्हणाले. "गर्दन में सात, छाती में बारा, कमर में पाँच. नीचे का जुडा हुआ. रबड, गद्दी. बाहर का सुतली, मसल. अंदर का रस्सी क्या?"

मग स्वतःच ती दोरी ओढून दाखवली.

"अंदर का रस्सी, आदमी. रीळ टूटा, चलेगा. रस्सी टूटा, आदमी खतम."

हे वाक्य मी आजवर शेकडो जणांना सांगितलं आहे. तुम्हालाही सांगून ठेवतो.

मग त्यांनी ती माळ वाकवली. पुढं वाकवली की चकती मागं सरकते, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलं. वाकलेल्या अवस्थेत वजन उचललं, त्यात अंग पिळलं, की चकती फुगून बाहेर येते आणि शेजारून जाणारी शीर दाबते. मग दुखणं कमरेत सुरू होतं आणि मांडीतून पोटरीपर्यंत उतरतं. पण बहुतेक वेळा इतकंही झालेलं नसतं. बाहेरची सुतळी, म्हणजे स्नायू, जास्त ताणले गेल्यानं गाठीसारखे आवळून बसतात, एवढंच. वेदना भयंकर, धोका थोडा.

मी मागच्या बाकावर हसलो. चेल्लय्यांनी उभं केलं. मी पायाळूची सगळी कथा सांगितली, गोठ्यासकट. चाळीस गडी लोळायचे बाकी राहिले. चेल्लय्या हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कितना आदमी ठीक किया?"

"सब, उस्ताद."

"कितना दिन में?"

"आठ-दस दिन."

"और जिसको तुम लात नहीं मारा, वो कितना दिन में?"

मी विचार केला. आमच्या घरात मला लाथ मारू देत नसत. बापाची कंबर धरली की आई गरम विटेनं शेकायची. तोही आठ-दहा दिवसांत उठायचा.

"आठ-दस दिन, उस्ताद."

"तो गुड़ वापस करो," चेल्लय्या म्हणाले. आणि मग मात्र इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. बसतानाही पाठ सरळ, गुडघे वाकवून. तो माणूस हसतानाही ड्रिल सोडत नसे.

कोर्स संपल्यावर त्यांनी ती रिळांची माळ मला दिली. म्हणाले, "तुम बाहर का आदमी को समझाएगा. तुम को बकबक का आदत है." ही माझी सर्वांत मोठी शाबासकी. मेडल्स नंतर आली.

तर अकोला. मुक्कामाच्या चौथ्या दिवशी सकाळी किसनराव पाटील मैदानाच्या फाटकाशी हजर. सोबत धाकटा मुलगा वसंता, भरतीसाठी. आणि मागं कापसानं भरलेली गाडी. बाजाराला जाता जाता मुलाला फौजेत घालायचा बेत. कापूस इतका उंच रचलेला की गाडीवानाला आभाळच दिसत असावं.

पाटलांनी मला युनिफॉर्ममध्ये पाहिलं आणि डोळे बारीक केले.

"कोन, सख्या? आपला पायाळू?"

"नाईक सखाराम, पाटील."

"हाव, थेच म्हनून राह्यलो मी. आमच्या वसंत्यावर ध्यान ठेवजो."

"धावाचं त्यालेच हाय, पाटील."

पाटलांना हे आवडलं नसावं. पण भरतीच्या फाटकावर उमेदवाराचा बाप आवडीनिवडी दाखवत नाही. तेवढ्यात त्यांनी मान चोळली. म्हणाले, गाडीत उशाला कापसाचं बोचकं घेऊन झोपलो, मान धरली. मी सांगितलं, उशी खांद्याच्या उंचीइतकीच ठेवा, बोचकं फार उंच होतं. ते म्हणाले, "आता तू मले झोपाले शिकव."

एक मैलाची दौड लागली. आपला मुलगा पाहायचा म्हणून पाटील गाडीवर चढले, कापसाच्या अगदी माथ्यावर. फेटा बांधलेला, एक हात कमरेवर. साक्षात दरबार. आमच्या टीमच्या सुभेदारांनी दौड सुटायचा बार काढला. बैल बिचकले. गाडीला हिसका बसला. पाटील डोक्यावर खाली आले.

मी वीस पावलांवर होतो. पोचलो तेव्हा ते उताणे पडले होते आणि दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं धरून होते, भरली घागर धरावी तसं. ही खूण चेल्लय्यांनी शिकवली होती. पडल्यावर माणूस आपलं डोकं आपणच धरून राहिला, तर त्याची मान त्याला काहीतरी सांगते आहे. मान मोडल्याचा संशय घ्यायचा आणि संशय फिटेपर्यंत हलवायचं नाही.

दोघांनी पाटलांच्या काखेत हात घातले होते.

"हात काढा," मी म्हणालो. आवाज परेडचा निघाला. हात निघाले.

"पाटील, पाय हलवा."

दोन्ही पाय हलले.

"हाताची बोटं?"

"हलतात. पन मुंग्या येऊन राह्यल्या, सख्या. दोनी हातांत."

मी त्यांच्या डोक्याशी गुडघ्यांवर बसलो आणि डोकं दोन्ही बाजूंनी तळव्यांत धरलं. नाक, हनुवटी, बेंबी एका रेषेत. आता हे डोकं दवाखान्यापर्यंत सुटणार नव्हतं.

एव्हाना बाजाराच्या वाटेवरची सगळी गर्दी तिथं होती. रिक्रूटांचे केस कापायला फाटकाशी बसलेला न्हावी वस्तरा ठेवून पुढं आला. "मान लचकली. अथी काय, दोन मिन्टाचं काम. इकडून एक झटका, तिकडून एक. कडकन बोलली का मोकळी."

"एक पाऊल पुढं आलास तर तुझा वस्तरा जप्त," मी म्हणालो. तो थांबला.

आमच्या गावच्या गाडीवानाला मात्र खरा उपाय आठवला. "अबे, झटका कायले? पायाळू अथीच हाय. लाव सख्या, पाय लाव."

गर्दीत ते पसरलं. पायाळू आहे, पायाळू आहे. लोक जागा करू लागले, मला पाय उचलायला सोयीचं पडावं म्हणून. आणि मग पाटील स्वतः बोलले. डोळे वर आभाळाकडं, डोकं माझ्या हातांत.

"लाव बाप्पा पाय. चारचौघांत लाव. आज मले लाज नाही."

असा प्रसंग माणसाच्या आयुष्यात एकदा येतो. गोठ्याच्या अंधारात बैलांकडे तोंड करून उभा राहणारा पाटील, अकोल्याच्या भर रस्त्यावर, शेपाचशे माणसांत माझा पाय मागत होता. मी तो नुसता उचलला असता तरी ती गोष्ट दर्यापूरपासून मेळघाटापर्यंत गेली असती. मला तशी गोष्ट फार आवडते, हे तुम्ही ओळखलं असेलच. पण माझ्या तळव्यांत त्या मानेतली दोरी होती.

"पाय नाही लागत, पाटील. आज हातच लागन."

गर्दी फिरली. एक म्हातारा म्हणाला, "बुद्ध झाला न आता. कायले लावन तो पाय?" दुसरा म्हणाला, "जुना दावा काढून राह्यला." पहिली फेरी मारून वसंता तिथं पोचला. बाप जमिनीवर आणि त्याचं डोकं माझ्या हातांत पाहून दौड सोडून धावत आला.

"काऊन नाही लावत, सखाराम? माह्या बापाचा जीव चालला."

"पाय लावला तं जाईन. वसंता, तुले बाप चालता पाह्यजे का नाही?"

"पाह्यजे."

"मंग मी सांगतो तेवढंच कर. बाकीच्याइचं आयकू नको."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. त्यानंतर गर्दीचा आवाज मी ऐकला नाही.

फाटकावर टेलिफोनशी लान्स नाईक होता. मी ओरडायचो, तो लाइनवर द्यायचा. कॅप्टन साहेब डाक बंगल्यावर होते.

"सिव्हिलियन पेशंट. गाडीवरून पडला. मान."

"साब पूछते हैं, लकवा?"

"नाही. पाय चालतात. हातांत झिणझिण्या."

"साब बोलते हैं, हिलाना मत. ट्रक आता है. हेड छोड़ना नहीं."

"रॉजर."

स्ट्रेचर झोळीसारखं लवतं, मला कडक फळी हवी होती. उंची मोजायची रुंद फळी तंबूत उभी होती, ती आणवली. वसंता, गाडीवान आणि दोन रिक्रूट, चौघांना एका बाजूला गुडघ्यांवर बसवलं. "माझ्या एक-दोन-तीनवर. सगळं अंग लाकडाच्या ओंडक्यासारखं एकदम वळवायचं. तीन म्हणेपर्यंत कुणी शिंकायचंही नाही." एक, दोन, तीन. पाटील फळीवर. डोक्याच्या दोन्ही बाजूंना त्यांच्याच गाडीतला कापूस ठासवला आणि त्यांच्याच फेट्यानं कपाळ फळीला बांधवून घेतलं. फळीवरचे आकडे मला दिसत होते. आयुष्यभर सहा फूट सांगणारे पाटील पाच फूट सात इंच निघाले. ही माहिती मी आजपर्यंत गुप्त ठेवली होती.

उचलताना म्हणालो, "पाठीतून नाही, गुडघ्यांतून उठा." फौजेत हे जेवढ्या वेळा ऐकलं, तेवढ्या वेळा माझं नावही ऐकलं नसेल.

ट्रक पायी चालण्याच्या वेगानं मोर्णा नदीचा पूल ओलांडून गेला. मी फळीच्या टोकाशी ओणवा, डोकं धरून. माझीच कंबर धरली होती, पण तो विषय नंतरचा. अर्ध्या वाटेत पाटलांनी पाणी मागितलं. पाणी पाजता येत नव्हतं, आडव्या माणसाला ठसका लागला तर मान हलते. मी वसंताला म्हणालो, माझ्या पट्ट्याची वॉटर बॉटल काढ, कापूस भिजव, ओठांवर फिरव. त्यानं बॉटल काढली आणि क्षणभर हातात धरून बसला. ती कुणाची, हे त्यालाही ठाऊक, मलाही.

पाटील डोळे न उघडता म्हणाले, "ओठ ओले कर, लेका. पानी कोनाचं होतं थे बरा झाल्यावर पाहू."

सरकारी दवाखान्यात एक्स-रे निघाला. कॅप्टन साहेबांनी तो खिडकीशी धरून मला दाखवला. मानेच्या पाचव्या मणक्याला तडा. मणका जागेवर. "कॉर्ड सेफ," ते म्हणाले. "किसी ने झटका दिया होता, तो यह आदमी गले के नीचे नहीं रहता." मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच काही वेळ ठेवला. रीळ टूटा, चलेगा.

पाटलांना वजनं लावून आडवं ठेवलं, मग छातीपासून हनुवटीपर्यंत प्लास्टर घातलं. मेजर साहेबांनी वसंताला दुसऱ्या दिवशी पुन्हा पळवलं. तो तिसरा आला आणि भरती झाला. मी त्याची पाठ तपासली. उत्तम होती.

पाटील चालत घरी गेले. मुंग्या गेल्या. फक्त मान कायमची ताठ राहिली. गावात म्हणायचे, पाटलाची मान आधी वाकत नव्हती, आता वाकवतो म्हटलं तरी वाकत नाही. ही कोटी माझी नाही, पण मी ती बरीच फिरवली.

ते उठून बसू लागले तेव्हा मी भेटायला गेलो होतो. त्यांनी विचारलं, हे तुले कोनं शिकवलं. मी चेल्लय्यांचं सांगितलं. रिळांची माळ सोबत नेली होती. त्यांनी तासभर ती वाकवून पाहिली. चकती मागं सरकलेली पाहून म्हणाले, "म्हंजे गोठ्यात तू मले उगाच लाथा मारल्या."

"उगाच नाही, पाटील. गूळ भेटत होता."

ते हसले. प्लास्टरमुळे हसू फक्त डोळ्यांत दिसलं.

बासष्ट साली उत्तरेकडे लढाई झाली. चेल्लय्या तेव्हा सुभेदार होते, एका फील्ड अँब्युलन्समध्ये. माझं पोस्टिंग दुसरीकडे होतं. त्यांनी उचललेल्या स्ट्रेचरचं पुढचं टोक ज्यानं धरलं होतं, तो नाईक मला नंतर भेटला. त्यानं सांगितलं ते असं. चौकी सोडायचा हुकूम आला. एका जवानाच्या कमरेत मणक्याला मार होता. बाकीचे जखमी खांद्यावर टाकून नेता आले. याला नेता येत नव्हतं. चेल्लय्या म्हणाले, "यह सीधा जाएगा." आणि मागचं टोक स्वतः धरलं. उतारावर गोळी लागली. नाईकाला गोळीचा आवाज आला, पण स्ट्रेचरला धक्का जाणवला नाही. त्यानं मागं वळून पाहिलं. सुभेदार गुडघ्यांवर आले होते. त्यांनी आपलं टोक जमिनीवर सपाट टेकवलं, मग ते पडले. मागून येणाऱ्या एकानं ते टोक उचललं. तो जवान आज स्वतःच्या पायांनी चालतो.

त्या वर्षी रजेवर आलो. रिळांची माळ घरी बुद्धाच्या तसबिरीखाली खिळ्याला टांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील आले. मागच्या दारानं नाही, आमच्या घराला एकच दार आहे. चौकटीत उभे राहिले.

"थे रीळवाले हवालदार. मदरासकडचे. गेले म्हन्ते वसंता."

"गेले, पाटील."

"आत येऊ?"

ते आत आले. माळेसमोर उभे राहिले. नमस्कार करायचा होता, पण मान खाली जाईना. मग कमरेतून वाकू लागले. जुनी कंबर, मला राहवलं नाही.

"कमरेतून नाही, पाटील. गुडघ्यांतून."

त्यांनी खाटेच्या दांडीला हात लावला. पाठ सरळ ठेवून दोन्ही गुडघे वाकवले. हळूहळू खाली गेले, आमच्या सारवलेल्या जमिनीला गुडघे टेकेपर्यंत.

"नाव काय म्हनलं त्याइचं?"

"सुभेदार चेल्लय्या."

पहिल्यांदा त्यांना ते म्हणता आलं नाही. दुसऱ्यांदा आलं. मग मी हात दिला आणि ते माझा हात धरून उठले.